'आढळले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

बँकेत अनेक वर्षे तपासणीचे काम केल्यामुळे 'आढळले नाही' आणि 'नाही' यांतील अंतर मला चांगले ठाऊक आहे. नमुन्यादाखल पाहिलेल्या व्हाउचरांत काही सापडले नाही, एवढ्यावरून शाखा स्वच्छ ठरत नाही. वैद्यकीय अहवाल हाती आला की मात्र आपली मुरलेली व्यापारी माणसेही हे विसरतात.

माझ्या मेहुण्यांच्या मानेत चातुर्मासात सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. वजन उतरले ते एकाशनांमुळे, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो तो उकाड्यामुळे, अशी सर्वांनी समजूत करून घेतली. पुढे बारीक सुईने तपासणी झाली. अहवालात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नव्हत्या. क्षयाचे जंतूही आढळले नव्हते. तरी डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. आपल्या देशात मानेतील गाठीमागे क्षय पुष्कळदा असतो, तेव्हा तो तर्क अगदीच निराधार नव्हता. पण पुराव्याविना तीन महिने गेले आणि एका गाठीच्या तीन झाल्या.

रक्तविकारतज्ज्ञांनी संपूर्ण गाठ काढून तपासण्यास सांगितले. ''चाकू लागला की रोग पसरतो,'' म्हणून बहीण अडून बसली. लिम्फोमाच्या बाबतीत या भीतीला आधार नाही, हे तिला पटवण्यात आठवडा गेला.

निदान झाले हॉजकिन लिम्फोमाचे. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यातील खास पेशींना पुढे स्टर्नबर्ग आणि रीड यांची नावे मिळाली. या दोषी पेशी गाठीत साधारण १ टक्का, बाकी सारी गर्दी साध्या पेशींची. बारीक सुईत ती गर्दीच येण्याचा संभव अधिक. शिवाय सुईने सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी मिळत नाही. कीर्दीतील चार नोंदींवरून पेढीची स्थिती सांगावी, तसे ते होते. जाड सुईने ऊतीची पट्टी येते, ते खतावणीचे एक पान. संपूर्ण गाठ म्हणजे अख्खी वही. त्या ऊतीवर सीडी ३० आणि सीडी १५ या खुणांची चाचणी करून मगच शिक्कामोर्तब होते.

म्हणून सुई टाकाऊ ठरत नाही. क्षय किंवा अन्य अवयवांतून आलेला कर्करोग ओळखण्यास बारीक सुई पुष्कळदा पुरते. गाठ पोटात किंवा छातीत खोल असेल, तर सीटी स्कॅनच्या आधाराने जाड सुईच सोयीची. प्रश्न एवढाच विचारावा: ''या नमुन्यात लिम्फोमा नाकारता येतो का?'' आणि तपासणीआधी कोणी स्टेरॉईडच्या गोळ्या देऊ लागले, तर तेथेच थांबवावे. त्यांनी गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान हुकू शकते.

अहवालाबरोबर मेणात बसवलेल्या ऊतीचा ठोकळाही मागून घ्यावा. दुसरे मत घ्यायचे झाल्यास तोच पाठवता येतो, पुन्हा चिरफाड करावी लागत नाही. मेहुण्यांचा ठोकळा सध्या दुकानाच्या तिजोरीत, खरेदीखतांशेजारी आहे.