बालगृहातील ग्रंथालय आणि रोजचे वाचन

बालगृहात ग्रंथालय असावे, हे कायद्यानेच सांगितलेले आहे. 2015 च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाखाली 2016 मध्ये जे आदर्श नियम आले, त्यांत 50 मुलांच्या संस्थेसाठी 500 चौरस फुटांची ग्रंथालयाची खोली धरलेली आहे. वयाला साजेशी पुस्तके, वर्तमानपत्रे, मुलांची मासिके, चित्रांची आणि कोड्यांची पुस्तके, ब्रेलमधील पुस्तके या सर्वांची तरतूद त्या नियमांत आहे. प्रत्यक्षात अनेक संस्थांत ग्रंथालय म्हणजे अधीक्षकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट असते. तपासणीच्या दिवशी ते उघडते, एरवी किल्ली खिशात राहते. पुस्तके असतात, नोंदवही असते, फक्त वाचणारे मूल तिथवर पोचत नाही.

हे मूल कोठून येते, ते आधी पाहू. परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे पोखर्णी नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. या परिसरात कापूस आणि सोयाबीन पिकते आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. परभणी, बीड, हिंगोली, लातूर या पट्ट्यातील बालगृहांत येणाऱ्या मुलांमध्ये आई आणि वडील दोघेही नसलेली मुले तुलनेने थोडी असतात. कोणाच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिलेला असतो, कोणाची आई दुसरे घर करून गेलेली असते, कोणाला एचआयव्हीने पोरके केलेले असते, तर कोणाचे आजी-आजोबा थकलेले असतात. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल दाखल होते. ते वर्षाच्या मध्येच येते आणि कधी तसेच अचानक निघूनही जाते. त्याची घरची बोली गोरमाटी असू शकते, दखनी उर्दू असू शकते, पारध्यांची वाघरी असू शकते. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते, आणि त्याची अडचण विचारणारे कोणी घरी नसते. बालगृहातल्या ग्रंथालयाची आखणी या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून करावी लागते. शाळेच्या ग्रंथालयाची नक्कल येथे पुरत नाही.

महाराष्ट्रात अनाथाश्रम आणि पुस्तक यांचा संबंध जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली छापखान्यात काम करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच जुळवले आणि छापले गेले. 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुण्यात 1909 मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, मुद्रण आणि प्रकाशनाचे काम उभे केले. दोन्ही ठिकाणी पोरक्या मुलांच्या हाती अक्षर आले ते पोट भरण्याचे साधन म्हणून आणि संस्काराचे साधन म्हणून. त्या काळात ती मोठीच गोष्ट होती. मात्र मुलाने स्वतःच्या आनंदासाठी, स्वतः निवडलेले पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसावे, ही कल्पना आपल्या संस्थांत उशिरा आली आणि अजून पुरती रुजलेली नाही. 'अभ्यास कर' म्हणणारे खूप भेटतात. 'हे बघ, तुला आवडेल' म्हणत पुस्तक पुढे करणारे थोडे.

वाचनाची सुरुवात ऐकण्यातून होते. घरातल्या मुलाला शाळेत जाण्याआधीच हजारो वाक्ये ऐकायला मिळतात: अंगाई, रागावणे, आजीची गोष्ट, शेजारणीशी चाललेली बोलाचाली. संस्थेत एका मावशीकडे वीस-पंचवीस मुले असतात, त्यामुळे तिच्या तोंडी येणारी वाक्ये बहुतेक सूचनांची असतात. ऊठ, आंघोळ कर, रांगेत बस, ताट धू. बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात रोमानियातील अनाथालयांतील 136 लहान मुलांची वाढ पाहण्यात आली. त्यांपैकी निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले होते. जी मुले साधारण सव्वा वर्षाच्या आत कुटुंबात गेली, त्यांची भाषा पुढे इतर मुलांच्या बरोबरीला आली. जी उशिरा गेली किंवा संस्थेतच राहिली, ती मागे पडली. कुटुंब मिळवून देणे हा यावरचा खरा उपाय आहे आणि ग्रंथालय त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही जे मूल आज संस्थेतच आहे, त्याच्या कानांवर रोज समृद्ध भाषा पडावी, याची व्यवस्था आजच करता येते. अशा भाषेच्या सहवासाचे जुने उदाहरण याच परिसरात आहे. पोखर्णीहून त्याच रेल्वेमार्गावर पुढे गंगाखेड आहे, संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की लहानपणीच त्या पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या. परक्या घरात वाढलेल्या या मुलीच्या अभंगांना भाषा मिळाली ती नामदेवांच्या त्या घरात दिवसरात्र चाललेल्या शब्दांच्या सहवासात.

म्हणून बालगृहाच्या वाचन कार्यक्रमाचा कणा म्हणजे रोज वाचून दाखवणे. त्यासाठी संध्याकाळच्या जेवणानंतरची आणि झोपण्यापूर्वीची वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत चांगली. संस्थेतल्या मुलाला दिवसाचा हाच वेळ जड जातो. दिवे मालवण्याच्या सुमारास घरची आठवण येते. वाचणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी आणि वेळ चुकू नये. ज्या मुलांची माणसे न सांगता गेली आहेत, त्यांना ठरल्या वेळी ठरलेला माणूस येतो, हा अनुभव गोष्टीइतकाच महत्त्वाचा असतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्वयंसेवकाचा उत्साह कितीही असला, तरी रोजचे वाचन मुक्कामी असलेल्या मावशीने, ताईने किंवा मोठ्या मुलाने करणे अधिक टिकते. मावशीचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले असले तरी चालते. चित्रांचे पुस्तक सर्वांना दिसेल असे धरणे, पान उलटण्यापूर्वी थांबणे, 'आता काय होईल?' असे विचारणे आणि मुलाने दिलेल्या उत्तरात एक शब्द भर घालून ते परत म्हणणे, एवढे दोन-तीन दिवसांच्या सरावाने जमते. मुलाशी बोलत बोलत चित्रपुस्तक वाचले तर त्याची भाषा लवकर वाढते, हे 1988 पासूनच्या संशोधनांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. तात्पर्य विचारले की मुले ऐकणे सोडून उत्तर शोधू लागतात.

पुस्तकांची निवड हा सर्वांत कष्टाचा भाग. दान म्हणून येणाऱ्या गठ्ठ्यांत मागच्या वर्षीची गाइडे, जुनी पाठ्यपुस्तके, इंग्रजी विश्वकोशाचे सुटे खंड, पंथप्रचाराच्या पुस्तिका आणि एकाच पुस्तकाच्या वीस प्रती असतात. ते नम्रपणे नाकारण्याचे धैर्य संस्थेने दाखवायला हवे. नकोशी पुस्तके कपाटात भरली की हवीशी पुस्तके दिसेनाशी होतात, आणि मुलाला कळते की इतरांनी टाकलेले ते आपल्या वाट्याला आले आहे. पन्नास मुलांसाठी सुरुवातीला अडीचशे-तीनशे चांगली पुस्तके पुरतात. त्यांपैकी निदान तिसरा हिस्सा चित्रपुस्तकांचा असावा, कारण दहा-बारा वर्षांची अनेक मुलेही चित्रांतूनच वाचनाकडे येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला येथे उपयोगी पडतात. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मुक्त परवान्याखालील मराठी गोष्टी आहेत. त्या छापून, शिवून, पुठ्ठ्याचे वेष्टन घालून वापरता येतात. त्यांतील एखादी गोष्ट मुलांकडूनच गोरमाटीत किंवा दखनीत सांगून घेतली आणि दोन्ही बोलींत लिहून ठेवली, तर ज्याची बोली वर्गात चेष्टेचा विषय होते, ते मूल त्या दिवशी शिकवणारे होते.

आईविषयीच्या पुस्तकांचा प्रश्न नेहमी निघतो. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' दात्यांकडून हमखास येते. पोरक्या मुलांना ती द्यावी का, असे काळजीवाहक विचारतात. पुस्तक लपवू नये. ते फळीवर असावे आणि ज्याला हवे त्याने घ्यावे. पण नव्याने दाखल झालेल्या मुलांपुढे ते सामूहिक वाचनाला घेणे, आणि वर 'आईचे प्रेम' यावर निबंध लिहायला लावणे, हे निर्दय आहे. घर, ताट, आई-बाबा, सुट्टीतले मामाचे गाव हेच जग गृहीत धरणारी पुस्तके एवढीच असली, तर त्या जगाबाहेरचे मूल स्वतःला पुस्तकात कुठेच शोधू शकत नाही. म्हणून ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' महत्त्वाचा ठरतो. तो पोरका मुलगा आहे, आणि कोणी त्याची कीव करत बसत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो आणि घरापासून दूर राहून पराक्रम करतो. योहाना स्पायरीची हायडीही पोरकी. अशा पुस्तकांत मूल दुःखापेक्षा मोठे दिसते. एखादे मूल एकच पुस्तक दहा वेळा मागत असेल, तर ते थांबवू नये. त्याला त्यात काय सापडले आहे हे विचारूही नये.

खोली 500 चौरस फुटांची नसली तरी काम अडत नाही. पुस्तके मुलाच्या हाताच्या उंचीवर आणि कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत. भिंतीला दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी लावलेली पुस्तकेही चालतात. सतरंजी, पुरेसा उजेड आणि कुलूप नसलेले कपाट एवढे पुरे. देवघेवीची वही मुलांच्या हाती द्यावी आणि दर महिन्याला ग्रंथपालाची जबाबदारी फिरवावी. पुस्तक पलंगावर न्यायची परवानगी असावी. संस्थेत कपडे, ताट-वाटी, पांघरूण सगळे सारखे आणि सामाईक असते. 'हे मी निवडले' असे म्हणण्याजोगे फार थोडे असते. चार दिवस उशाशी असलेले पुस्तक ही गरज भागवते. काही पुस्तके फाटतील, काही हरवतील, काही सुट्टीला गेलेल्या मुलाबरोबर जाऊन परतणार नाहीत. वर्षाला दहातील एक पुस्तक गेले असे धरूनच अंदाजपत्रक करावे. दंड किंवा शिक्षा केली की मुले पुस्तकाला हात लावणे सोडतात, आणि पूर्ण शाबूत ग्रंथालय हे न वापरलेले ग्रंथालय असते. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र आहे की ग्रंथ वापरासाठी असतात.

शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार वर्ग मिळतो. त्यामुळे कधीच शाळेत न गेलेली अकरा वर्षांची मुलगी थेट पाचवीत बसते आणि बाराखडीशी झगडते. तिच्या हाती मनीमाऊचे पुस्तक दिले तर तिला अपमान वाटतो. तिच्यासाठी मोठा टाइप, छोटी वाक्ये आणि वयाला शोभणारा विषय, म्हणजे साप, विहीर, ट्रॅक्टर, जत्रा, क्रिकेट, अशी पुस्तके लागतात. बाजारात ती कमी आहेत. सर्वांत चांगला मार्ग असा की तिने सांगावे, मोठ्या मुलीने किंवा ताईने तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि तोच तिचा वाचनपाठ व्हावा. स्वतः उच्चारलेले वाक्य वाचणे सोपे जाते. त्याला लागूनच हस्तलिखित आणि भित्तिपत्रक सुरू होते. वॉर्सामध्ये 1912 पासून अनाथगृह चालवणारे डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी 1926 मध्ये मुलांनी लिहिलेले साप्ताहिक वृत्तपत्र सुरू केले होते. नाझी घेट्टोत कोंडलेल्या त्यांच्या मुलांनी जुलै 1942 मध्ये रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. उपासमारीतही या माणसाला मुलांसाठी साहित्य अनावश्यक वाटले नाही, हे 'आधी जेवण, मग पुस्तक' म्हणणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने लक्षात घ्यावे.

संस्थेने हे सारे एकट्याने करण्याचे कारण नाही. गोव्यात 2005 पासून काम करणारी 'बुकवर्म' ही संस्था शाळांत आणि वस्त्यांत ग्रंथालये चालवते. पालघर जिल्ह्यातील 'क्वेस्ट' संस्थेच्या 'गोष्टरंग' उपक्रमात कलाकार बालसाहित्यातील गोष्टी आश्रमशाळांत रंगमंचावर सादर करतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतील शंभर पुस्तकांच्या पेट्या ठिकठिकाणी फिरतात. जवळपासच्या चार बालगृहांनी अशी पेटी आपापसांत दर तिमाहीला फिरवली, तर थोड्या खर्चात पुस्तके नवी राहतात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व मुलांच्या नावावर काढणे त्याहून मोलाचे आहे. परभणीत बी. रघुनाथ यांच्या नावाने महोत्सव भरवणारे गणेश वाचनालय आहे. फाटकाबाहेर पडून, गावातल्या इतर मुलांच्या रांगेत उभे राहून पुस्तक बदलून आणणे, यात मुलाचे 'आश्रमातला' हे बिरुद थोडे गळून पडते.

दिवाळीत दात्यांची रीघ लागते. फराळ आणि कपडे येतात, पुस्तकेही येतात, आणि पुस्तक हातात दिलेल्या मुलाचे छायाचित्र निघते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, हे दात्यांना आधीच सांगावे. पैसे द्यायचे असतील तर संस्थेने मुलांकडून बनवून घेतलेली पुस्तकांची यादी द्यावी. शक्य असेल तर मुलांना घेऊनच दुकानात किंवा प्रदर्शनात जावे. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना नेणारे नातेवाईक आहेत ती मुले जातात आणि मोजकी मागे राहतात. रिकाम्या झालेल्या खोल्यांतले ते दोन-तीन आठवडे वाचनालयाने खास या मुलांसाठी राखावेत. या दिवसांत वाचनाचा तास वाढवावा, नाटक बसवावे, 'किशोर'चे दिवाळी अंक एकत्र वाचावेत.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावे लागते. काहींना अनुरक्षणगृहात जागा मिळते, बाकीचे कामाला लागतात. महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्याचा लाभ घ्यायचा तर स्पर्धा परीक्षेची तयारी करावी लागते, आणि त्यासाठी सलग वाचण्याची सवय लागते. ती सतराव्या वर्षी एकदम लागत नाही. त्यामुळे बालगृहाने सोळाव्या वर्षापासून मोठ्या मुलांना जिल्हा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत स्वतंत्रपणे पाठवावे, सभासदपत्र त्यांच्या नावाचे असावे आणि संस्था सोडताना ते चालू ठेवण्याची वर्षभराची वर्गणी भरून द्यावी. आधारपत्र, जन्मदाखला आणि अनाथ प्रमाणपत्राबरोबर मुलाच्या फायलीत हे सभासदपत्र आणि त्याने वाचलेल्या पुस्तकांची वही असावी, आणि पुढच्या जिल्ह्यात बदली झाली तर तिथल्या वाचनालयाशी संपर्क करून देण्याचे काम समुपदेशकाच्या कामांत लेखी धरलेले असावे.