आजीची ठेव आणि उषवदाताची

मागच्या शुक्रवारी सुट्टी टाकून नाशिकला गेले होते. फिरायला नाही हो. अण्णांबरोबर एका कार्यालयात खेटे घालायला. कारण : आजीची ठेव.

जरा मागून सांगते. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी दिंड्या जातात, त्यातली एक दुपारच्या जेवणाला आमच्या गावात थांबते. त्या दिंडीला एक पंगत घालायची, हे आजीचं व्रत. डेअरीत दूध घालून तिने ५०,००० रुपये साठवले आणि २०१० साली एका पतसंस्थेत ठेवले. दर दहा टक्के. वर्षाला व्याज ५,०००, त्यात पिठलं, भाकरी, भात आणि गुळाची लापशी. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही तिची एकच अट. २०१६ मध्ये आजी गेली, पंगत चालू राहिली. २०२१ मध्ये पतसंस्थेचं शटर खाली आलं. आता तिथे अवसायक आहेत, आणि आमच्याकडे पावत्यांची एक प्लास्टिकची पिशवी. तेव्हापासून अण्णा पंगतीचा खर्च पेन्शनमधून भागवतात आणि वर पैसे परत मिळवायला चकरा मारतात.

अकरा वाजता पोचलो तर कळलं, साहेब दोननंतर येतील. बाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी शेवटी बोललेच.

"अण्णा, सोडा ना आता. मी दरवर्षी बुवांना पाच हजार यूपीआय करते. दोन मिनिटांचं काम. विषय संपला."

"तू करशील गं. पण ते तुझे पैसे झाले, आईचे नाही."

"पैशावर काय नाव लिहिलेलं असतं का?"

अण्णा गप्प. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत, आणि ते गप्प झाले की समजायचं, आता धडा सुरू होणार. चहाचे पैसे देऊन ते म्हणाले, "तीन तास आहेत. चल, तुला एक जुनी पावती दाखवतो."

आणि आम्ही पांडवलेण्यांवर गेलो.

माझं इतिहासाशी नातं दहावीच्या पेपराबरोबर संपलं. सातवाहन म्हणजे 'टीपा लिहा', तीन मार्क. त्यामुळे धापा टाकत वर चढताना मनात एवढंच, की लॅपटॉप गाडीत राहिलाय. पांडवलेणी ही नावापुरती पांडवांची, खरं म्हणजे २४ बौद्ध लेण्यांची रांग. लेखांमध्ये डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं. अण्णा मला थेट दहा नंबरच्या लेण्यात घेऊन गेले आणि व्हरांड्यात दारांच्या वर कोरलेली ब्राह्मी अक्षरं दाखवली. "ही पावती."

पावती उषवदाताची. (काही पुस्तकांत ऋषभदत्त.) हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, जातीने शक, म्हणजे मध्य आशियातून इकडे आलेल्या लोकांपैकी. काळ साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणं चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलं आणि सोबत ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. गोवर्धन नावाचं गाव नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला आजही आहे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. आणि अट? मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा लेखाकडे बघत होते.

अशा ठेवीला तेव्हाचा शब्द आहे अक्षयनीवी. व्याज कशासाठी, तेही लिहिलंय. पावसाळ्यात या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी सवयीने फोनवर कॅल्क्युलेटर काढला. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२? २४०. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. या माणसाने आधी एकूण खर्च काढला, मग दराने भागून मुद्दल ठरवलं. आम्ही एक्सेलमध्ये करतो तेच, फक्त त्याची शीट दगडात. उरलेल्या १,००० चं व्याज वर्षाला ९०, ते किरकोळ खर्चाला. हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि दप्तरात त्याची नोंद केली, असंही शेवटी नमूद केलंय. केवायसी पूर्ण!

पण विणकरच का? हे मला आधी कळेना. अण्णा म्हणाले, विचार कर. भिक्खूंनी सोन्याचांदीला हात लावायचा नाही असा विनयाचा नियम. विहारात पेटी ठेवून उपयोग नाही. राजाच्या खजिन्यात ठेवावं तर आजचा राजा उद्या असेलच असं नाही. विणकरांना मात्र सुताला, मागाला भांडवल लागतंच. ते पैसे फिरवतात, कापड विकतात, त्यातून व्याज देतात. म्हणजे भिक्खूच्या अंगावरचं चीवर शेवटी बाजारातल्या उलाढालीवर चालणार होतं.

आणि बाजार साधासुधा नव्हता. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक पुस्तक आहे, इजिप्तहून निघणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीचं गाइडच म्हणा. त्यात भरुच बंदराची हकिगत आहे. भरुचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, सगळं बैलगाड्यांतून भरुचला. उलट दिशेने इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं आणि सोन्याचांदीची नाणी. ती नाणी इथल्या पैशात बदलली की फायदा होतो, अशी टीपसुद्धा आहे. उषवदाताच्या लेखातही एका दानाच्या हिशेबात एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा दर दिलाय. फॉरेक्स रेट, चक्क लेण्याच्या भिंतीवर.

मग मला लेणी वेगळी दिसायला लागली. नाशिक, नाणेघाटाजवळचं जुन्नर, बोरघाटाजवळची कार्ले, ही सगळी कोकणातली बंदरं आणि देश जोडणाऱ्या वाटांवर आहेत. देणारेही वाटेवरचेच. इथल्याच १७ नंबरच्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन, म्हणजे ग्रीक म्हणवला जाणारा. वडिलांचं नाव धर्मदेव! कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवरही यवन दात्यांची नावं आहेत. धर्म, साम्राज्य आणि व्यापार असे आपल्या पुस्तकात तीन वेगळे धडे होते. इथे ते एकाच भिंतीवर.

आणि कोण कुणाच्या बाजूचा, हेही आपण समजतो तितकं सरळ नाही. याच उषवदाताने ब्राह्मणांना आणि देवांना १६ गावं दिली, तीन लाख गायी दिल्या असं तो म्हणतो. (आकडा थोडा फुगवलेला असू शकतो, अप्रेझल फॉर्ममध्ये आपणही फुगवतोच.) भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा ठिकाणी होड्या ठेवून फुकट तर सुरू केली, काठांवर पाणपोया घातल्या. पलीकडचे सातवाहनही तसेच. नाणेघाटातल्या त्यांच्या राणीच्या लेखात अश्वमेधासारखे वैदिक यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणांची यादी आहे, आणि हेच घराणं बौद्ध भिक्खूंना जमिनी देत होतं.

हे 'पलीकडचे' मुद्दाम म्हटलं, कारण दोघांत लढाई होती. भरुच नहपानाच्या ताब्यात, आणि पेरिप्लस सांगतो की कल्याणला एखादं ग्रीक जहाज लागलंच तर ते पहाऱ्यात भरुचला नेलं जायचं. थोडक्यात, समोरच्याचं बंदर बंद पाडायचं आणि माल आपल्याकडे वळवायचा. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पुरता पराभव केला. त्याचा पुरावा आमच्याच तालुक्यात, जोगलटेंभीला, १९०६ साली सापडला : नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशी तीन लिप्यांतली अक्षरं असलेलं ते नाणं, त्यावर नहपानाचा चेहरा, आणि चेहऱ्यावर नव्या राजाचं चिन्ह. 'पैशावर काय नाव लिहिलेलं असतं का' असं मी दोन तासांपूर्वी विचारलं होतं. घ्या!

मग भिक्खूंचं काय झालं? इथे अण्णा मला तीन नंबरच्या लेण्यात घेऊन गेले. तिथे गौतमीपुत्राचा, त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षातला हुकूम आहे. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो की आत्तापर्यंत उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत याच डोंगरावरच्या भिक्खूंना दिलं आहे. कार्ल्यालाही हीच तऱ्हा. उषवदाताने भिक्खूंना दिलेलं गाव सातवाहनांनी पुन्हा त्याच भिक्खूंना दिलं. शत्रूची नाणी खोडली, शत्रूचं दान मात्र नव्याने स्वतःच्या नावावर चालू ठेवलं. सर्व्हर बदलला, सर्व्हिस चालू.

मी म्हटलं, "वा! म्हणजे अक्षय ते अक्षयच."

"थांब," अण्णा म्हणाले, "खालचं ऐक."

खाली सहा वर्षांनंतरचा, २४ व्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे. तो गौतमीपुत्राच्या आणि त्याच्या आईच्याही नावाने निघालाय. मजकूर असा की पूर्वी जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही, त्या गावात वस्तीही राहिलेली नाही. म्हणून आता नगराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तनं द्यावीत.

मी ते दोनदा विचारून घेतलं. म्हणजे ज्या राजाने नहपानाला हरवलं, त्याचं दान सहा वर्षांत बंद पडलं होतं! गाव ओस, शेत पडीक. भिक्खूंनी किती चकरा मारल्या असतील, कुठल्या अमात्याच्या दारात दुपारपर्यंत बसले असतील... ते दगडावर नाही. दगडावर एवढंच आहे की कुणीतरी तक्रार ऐकली आणि दुसरी सोय केली. तीही पहिल्यापेक्षा निम्मी.

म्हणजे 'अक्षय' हा शब्द कोरला म्हणून काही अक्षय राहत नाही. कोणीतरी मध्ये पडतं, पडीक झालेलं नव्याने लावून देतं. तिसऱ्या शतकात इथे आभीर राजा ईश्वरसेनाचं राज्य आलं. तेव्हा विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने याच डोंगरावरच्या भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली, आणि तीसुद्धा श्रेण्यांकडेच. त्यांत एक तेल गाळणाऱ्यांची, एक पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची. क्षत्रप गेले, सातवाहन गेले, पण कारागिरांवर भरवसा टाकून पैसे ठेवायची रीत टिकली होती.

खाली उतरताना अण्णांना विचारलं, "आजीने पतसंस्थाच का निवडली होती?"

"ओळखीची माणसं होती," अण्णा म्हणाले. "आणि तेव्हा ती खरंच चांगली चालायची. तुझ्या आजीचा हिशेब चुकला नव्हता."

मला थोडं लागलं ते. कारण गेली चार वर्षं मी मनातल्या मनात आजीला अडाणीच ठरवत होते.

सव्वादोनला साहेब आले. पावत्या बघितल्या, एका पावतीची झेरॉक्स कमी निघाली, पुढच्या महिन्यात या म्हणाले. परतीच्या वाटेवर सिन्नरच्या पुढे येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. मग मी म्हटलं, "अण्णा, चकरा चालू ठेवू. पण तोपर्यंत नवी ठेव करते. दिंडीच्या पंगतीसाठी, आजीच्या नावाने. माझी आणि तुमची सही."

"मुद्दलाला हात?"

"नाही लावायचा."

सोमवारी बँकेत ८०,००० ची ठेव केली. मला दर मिळाला साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला ५,२००. आजीच्या ५,००० पेक्षा जास्त दिसतात, पण २०१० च्या ५,००० मध्ये पंगत व्हायची आणि आता ५,२०० मध्ये निम्मीच होईल. उरलेले दरवर्षी वरून घालावे लागतील. अण्णांनी पावतीची झेरॉक्स काढून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या पावत्यांच्या वर ठेवलीये.

आणि सगळ्यात धाकट्या चुलतभावाला, सध्या दहावीत आहे तो, मी पांडवलेण्यांना घेऊन जाणार आहे. तो म्हणतोय, तिथे काय बघायचंय?

पावती आहे म्हटलं एक.