मशीनचा पावडरचा कप्पा आणि आपलं ठिबक

लेकीकडे डोंबिवलीला वॉशिंग मशीनच्या कप्प्यात पावडरचा गोळा तसाच राहायचा. मेकॅनिक म्हणाला, व्हॉल्व बदला. म्हटलं, आधी जाळी तर बघू.

प्लग काढला, नळ बंद केला, मागचा पाइप सोडवला. मशीनच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती पकडीने हळूच ओढली. गाळाने गच्च! पावसाळ्यात गाळ येतोच, आणि गच्चीवरची टाकी धुतंय कोण? जुन्या टूथब्रशने साफ केली. कप्पाही काढून कोमट पाण्यात घासला. सॉफ्टनरच्या खणातली टोपी म्हणजे सायफन. ती चिकटली की खणात पाणी साचून राहतं.

तरी धार बारीकच. घर शेवटच्या मजल्यावर, टाकी जेमतेम तीन मीटर वर. ठिबकवाल्यांना हिशोब माहीत आहे, 10 मीटरला एक किलो प्रेशर. इथे 0.3 किलो. एवढ्यात पावडर वाहून जात नाही, लिक्विड जातं. व्हॉल्वचा दोषच नव्हता. आपली व्हेंचुरी खत ओढेना झाली तरी आधी फिल्टर आणि प्रेशरच बघतो ना?

बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर जाळीवर पांढरा क्षार बसतो, ब्रशने निघत नाही. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ठिबकचं ॲसिड मात्र मशीनमध्ये ओतू नका, आतलं लोखंड खातं.