सरोवराकाठी दोघांचे घर

घर बांधणारा मनुष्य आधी जागा घेतो, मग आराखडा काढतो. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा सरोवराच्या काठी, कोर्सो या गावी, नेमके उलट घडले. पुढे चंदीगड नगरीची रचना करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनी आपल्या वृद्ध मातापित्यांसाठी घराचा आराखडा प्रथम सिद्ध केला आणि तो खिशात बाळगून जागेचा शोध घेतला. १९२३-२४ साली हे एकमजली घर उभे राहिले.

लांबी १६ मीटर, रुंदी अवघी ४. बैठक, शयनगृह, स्नानगृह, स्वयंपाकघर अशा क्रमाने एका फेरीत सारे घर हिंडून होते. सरोवराच्या बाजूस ११ मीटर लांबीची एकच अखंड खिडकी आहे. त्यामुळे इवलेसे घर कोंदट भासत नाही.

परंतु आयुष्याचे माप कोणत्याच आराखड्यात मावत नाही. १९२६ साली पिता निवर्तले. माता मात्र १९६० पर्यंत याच घरी राहिल्या. हाताशी सर्व, हिंडणे थोडे, डोळ्यांपुढे पाणी व पर्वत! वाचकहो, दोघांचे घर बेतताना मागे राहणाऱ्या एकाचाही विचार करावा, हेच ही वास्तू सांगते.