दुसऱ्याची वही न उघडता

आमच्या कापडाच्या दुकानात प्रत्येक ठाणाला एक चिठ्ठी टाचलेली असे. तिच्यावर विक्रीचा भाव अंकांत आणि खरेदीचा भाव अक्षरांत लिहिलेला असे. एकही अक्षर पुन्हा येत नाही असा दहा अक्षरांचा शब्द आजोबांनी ठरविला होता. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. शेजारच्या पेढीचाही असाच शब्द होता. तो जाणून घेण्याचा यत्न आमच्या घरी कोणी केला नाही. या चिठ्ठीची आठवण मला मागील वर्षी अगदी निराळ्या व्यवसायात झाली.

मी वीजपुरवठ्याची सर्किटे रचतो. सर्किट प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी ते संगणकावर चालवून पाहतात. त्यासाठीचा ‘स्पाइस’ हा प्रोग्राम अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात घडला, १९७३ साली जगापुढे आला आणि सर्वांस खुला राहिला. पीस्पाइस, एलटीस्पाइस हे त्याच्याच कुळातले. परंतु भावांच्या पेढ्या वेगळ्या व्हाव्यात तशा त्यांच्या बोली वेगळ्या झाल्या. त्यातच चिप बनविणाऱ्या कंपन्या आपल्या चिपचे मॉडेल पुष्कळदा कुलूपबंद करून देतात. आतील रचना प्रतिस्पर्ध्यास कळू नये, हा त्यांचा हेतू. किल्ली एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या पोटात असते. इतरत्र ती फाईल म्हणजे निरर्थक अक्षरांची रास.

माझ्या सर्किटात दोन टप्पे होते आणि दोन कंपन्यांच्या चिप. एकीचे मॉडेल केवळ पीस्पाइसमध्ये उघडे, दुसरीचे केवळ एलटीस्पाइसमध्ये. दोन्ही एकत्र चालविणे मात्र आवश्यक होते. कारण दुसऱ्या टप्प्याला मिळणारे व्होल्टेज घटले की तो प्रवाह अधिक ओढतो. त्यामुळे एकेकटे स्थिर असणारे दोन टप्पे जोडल्यावर डळमळू शकतात. दोनशे बोर्डांची मागणी स्वीकारली होती. चूक राहिली असती तर सर्व बोर्ड वाया गेले असते.

कंपनीस पत्र लिहिले. उत्तरास विलंब होता. इतक्यात एका परिचिताने कुलूप फोडलेली फाईल देऊ केली. “सगळेच वापरतात,” तो म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे, हाही एक आहे. लहानपणी पाठशाळेत तो शब्द घोकला होता. तो आपल्या मेजापर्यंत येईल असे वाटले नव्हते.

सकाळी अण्णांना सारे सांगितले. त्यांना सर्किट कळत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “बाळ, तुला त्यांच्या वहीतले नक्की काय हवे आहे?” मी विचारात पडलो. अण्णा म्हणाले, “समोरच्याची खरेदी न पाहता आपण आयुष्यभर सौदे केले. गल्ल्यावर काय येते नि काय जाते, तेवढे पाहिले.”

वाट तेथेच सापडली. दोन टप्पे जोडून स्थिर राहतील का, हे त्यांच्या सीमेवरून ठरविता येते, असे मिडलब्रुक या शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवून दिले होते. पहिल्या टप्प्याचा बाहेरचा इम्पिडन्स दुसऱ्याच्या आतल्या इम्पिडन्सपेक्षा सर्व वारंवारतांना पुरेसा कमी असला, म्हणजे झाले. मी प्रत्येक चिप तिच्या हक्काच्या सॉफ्टवेअरमध्येच चालविली, सीमेवर बारीकसा प्रवाह सोडून मोजमाप घेतले आणि दोन्ही आलेख एका कागदावर मांडले. एका ठिकाणी त्या रेषा धोक्याइतक्या जवळ आल्या होत्या. तेथे एक कपॅसिटर आणि त्याच्याशी एकसरीत रेझिस्टर जोडला. मग एक नमुना बोर्ड तयार करून ऑसिलोस्कोपवर खात्री केली.

माल आठ दिवस उशिरा गेला. ग्राहकास कारण खरे सांगितले. त्याने ते मान्य केले, विलंबाची रक्कम मात्र कापून घेतली. अण्णांनी ती रक्कम खर्चाच्या बाजूस स्वतःच्या हाताने लिहिली आणि वही मिटली. दुकानातील जुन्या चिठ्ठ्यांपैकी एक आता माझ्या मेजावरील काचेखाली आहे. तिच्यावरील अक्षरे माझा मुलगा अजून वाचू शकत नाही. योग्य वेळी तो शब्द त्याला सांगेन. दुसऱ्याचा शब्द शोधायचा नसतो, हे मात्र आताच सांगितले आहे.