हातगुण

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडकीच्या गजाला मी गाठी मारत बसायचो. एमएसला असताना सुट्टीत घरी यायचो, तेव्हा खिशात ऑपरेशन थिएटरमधून उरलेला काळा सिल्कचा धागा असायचा. एका हाताने, न बघता, गाठीवर गाठ. गजावर वीज केंद्राची राख बसलेली. धागा ओढला की बोटावर करडी रेघ उमटे. बाबा रात्रपाळी करून यायचे, एखादी गाठ नखाने उचकटून बघायचे आणि म्हणायचे, "पक्की आहे."

तेवढी खात्री मला अजून वाटत नाही. पंधरा वर्षं झाली ऑपरेशनं करतोय. तरी पित्ताशय काढताना क्लिप लावायची वेळ आली की आतून कुणीतरी विचारतं, तू खरंच सर्जन आहेस का? पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनळीच कापली गेली, तर समोरच्या माणसाचं सगळं आयुष्य बदलतं. मी थांबतो, पुन्हा बघतो. एकदा मी बांधलेली रक्तवाहिनी रात्री सुटली. पोट पुन्हा उघडलं, रुग्ण वाचला. पण कित्येक दिवस वाटत राहिलं, आता आपलं बिंग फुटणार.

या भावनेला पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली नाव दिलं, 'इम्पॉस्टर फेनॉमेनन'. आमच्यात ते कुणी उच्चारत नाही. चहाच्या वेळी फक्त जमलेल्या केसेस सांगितल्या जातात.

अशा वेळी मला डॉ. प्रकाश आमटे आठवतात. सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून ते हेमलकशाला गेले. १९७३ साली सुरू झालेल्या तिथल्या लोकबिरादरी प्रकल्पात तेव्हा वीज नव्हती, आणि अस्वलाने फाडलेली माणसं त्यांच्यासमोर येत होती. त्यांनी ती शिवली. त्यांचा हात थबकला नसेल का? की थबकला, आणि मग त्यांनी टाका घातला?

मागच्या महिन्यात मूल तालुक्यातली एक आजी टाके काढायला आली. माझं मनगट धरून म्हणाली, "तुमच्या हाताले गुण हाये जी, डाक्टरसाहेब." आपल्याकडे श्रेय असं हाताला देतात. मी खरा की खोटा, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. ती गेल्यावर मी बराच वेळ हाताकडे बघत राहिलो.

बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडताना मी तो गज ओल्या फडक्याने पुसला. गाठी तशाच ठेवल्या.