लव्हाळ्याचे माहेर

लव्हाळे म्हटले की आपल्याला पूर आठवतो आणि पुरापुढे वाकून तग धरण्याचा धडा. हे विनम्र पोर दुसऱ्याचे घर बळकावील, असे कुणाच्या मनात तरी येईल का?

मुलाकडे मिशिगनला गेले होते. डेट्रॉइटजवळच्या एका पाणथळीत गुलाबी फुलांचे झुबके डोलत होते. उंच दांडा, वर उलट्या छत्रीसारखा फुलोरा, प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या. मी म्हटले, "काय गोड दिसतंय रे!" मुलगा हसला. "अगं आई, इथं हे तण आहे. उपरं!"

वीस वर्षे तिथेच राहणाऱ्या मुलाच्या तोंडून 'उपरं' हा शब्द ऐकला आणि मन उगाच चरकले.

'फ्लॉवरिंग रश' हे त्याचे नाव. पाने लव्हाळ्यासारखी, कूळ मात्र वेगळे. माहेर युरोप आणि आशिया. आपल्या काश्मीरच्या पाणथळींतही ते आहे. अमेरिका खंडात त्याची पहिली नोंद १८९७ सालची, क्यूबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठची. पुढे शोभेच्या तळ्यांसाठी ते विकलेही गेले. तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून सरोवरात! त्याच्या मुळांना बारीक कंद असतात. रागाने उपटावे तर तेच तुटून वाहत जातात आणि अडतील तिथे रुजतात. मग उथळ पाण्यात तिथल्या मूळच्या वनस्पतींना जागाच उरत नाही.

आणि माहेरची कथा? इस्राएल हेही त्याचे माहेरच. तिथे दलदली नाहीशा होत गेल्या आणि ते दुर्मिळ झाले. एकीकडे जपायचे, दुसरीकडे आवरायचे, रोप तेच. दोन्हीकडे हात मात्र माणसाचा!

आपल्याला हे नवे नाही. पुण्याच्या नदीवर पसरणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचीही फुले सुंदरच.

माझ्या मनाची समजूत मीच घातली. माणूस परगावी गेला तर तिथली भाषा शिकतो, शेजाऱ्याची सोय-गैरसोय पाहतो. रोपाला ते कसे जमावे? म्हणून त्याला 'उपरं' म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, आणि सुंदर आहे म्हणून मोकळे सोडण्यातही नाही. जो आणतो, त्यानेच पुढचा विचार करायचा.

हल्ली रोपवाटिकेत एखादे देखणे रोप दिसले की मी किमतीआधी विचारते, "याचं माहेर कुठलं हो? आणि इथं याला आवरणारं कुणी आहे का?"